पाळीचं दुसरं टोक

"वीतभर राह्यली," पंचफुलाबाई म्हणाल्या.

तलावात रोवलेल्या काठीकडे त्या पाहत होत्या. काठीच्या टोकाला लाल चिंधी बांधली होती, बरोबर पाळीच्या, म्हणजे तलावाच्या मातीच्या बांधाच्या, माथ्याच्या उंचीवर. सकाळी सात वाजता पाणी आणि चिंधी यांच्यात हातभर अंतर होतं. आता साडेदहा वाजले होते. चौथा दिवस होता पावसाचा, आणि तो थांबायचं नाव घेत नव्हता.

आम्ही बावीस बायका सांडव्याच्या टोकाला उभ्या होतो. डोक्यावर युरियाच्या पोत्यांच्या खोळी, हातात फावडी आणि घमेली. पाळ जिथे खचल्यासारखी वाटत होती तिथे मातीने भरलेली पोती टाकणं चाललं होतं. पाण्याचा आवाज एवढा होता की बोलायचं तर ओरडावं लागे.

तलाव भरला की जादा पाणी ज्या दगडी खिंडीतून बाहेर पडतं, तो सांडवा. त्यातून पाणी जात होतं, पण जेवढं जायला हवं होतं त्याच्या निम्मंही नाही. कारण तिथे आमचा तट्टा होता.

हा तट्टा मीच सुचवला होता.

बोरडोंगरीचा हा तलाव तीन वर्षांपूर्वी मेल्यातच जमा होता. अर्ध्या पाण्यात बेशरमीची झुडपं माजली होती, उरलेल्यात जलपर्णी. मासा नाही म्हणून आमच्या मासेमारांच्या ढिवरटोलीतले पुरुष नागपूरला मातीकामावर जाऊ लागले. माझे मिस्टरही. तेव्हा पंचफुलाबाईंनी घरोघरी फिरून बेचाळीस बायकांची संस्था उभी केली आणि तलाव ठेक्याने घेतला. तीन उन्हाळे आम्ही गुडघाभर चिखलात उभ्या राहून बेशरम मुळासकट उपटली. माशांना आसरा म्हणून देवधान हे पाणगवत लावलं, कमळाचे कांदे लावले. दुसऱ्या वर्षी मरळ दिसली. मग दाडक, काटवा, बोटरी. जो मासा पोरांनी फक्त म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकला होता, तो आपणहून परत आला. पण पावसाळ्यात तलाव भरला की त्यातला बराच सांडव्यावरून खाली निघून जाई. म्हणून मी सभेत म्हटलं, सांडव्याला बांबूचा तट्टा लावू, मागे नायलॉनची जाळी. पाणी जाईल, मासा राहील. ठरावही माझ्याच हस्ताक्षरात लिहिला होता. मी बारावी झालेली, म्हणून संस्थेची सचिव.

विरोध एकट्या बुधरामबुवांनी केला. ते पंचफुलाबाईंचे सासरे, टोलीतले सर्वांत जुने मासेमार. "पुरात कचरा येते," ते म्हणाले होते. "तट्टा बुजून जाईल. मंग पानी कोठून जाईल?" आम्ही म्हटलं, पूर येईल तेव्हा तट्टा उचलून ठेवू.

आता पूर आला होता. वरच्या जंगलातून वाहून आलेला पाला, फांद्या, जलपर्णीचे उरलेसुरले गठ्ठे, सगळं तट्ट्याला येऊन चिकटलं होतं. त्यावर एवढं पाणी रेटत होतं की सकाळपासून चार वेळा जोर लावूनही तो तसूभर हलला नव्हता. आता एकच उपाय होता, तट्टा तोडायचा. आणि तट्टा तुटला की तीन वर्षांचा मासा पाण्याबरोबर खाली गेला.

"तोडू या ना मावशी," मी पंचफुलाबाईंना म्हटलं.

"थांब. पश्चिमेकडे उजेड दिसून राह्यला. पाऊस उघडेल."

"नाही उघडला तर?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. "बेचाळीस घरं या पान्यावर जगून राह्यली, वनमाला. या वर्षी पयली मासळी निघेल. बायांले काय सांगू? भेव वाटला म्हणून सोडून देली?"

भीतीचं म्हणाल तर ती मला पहिल्यापासून होती. माझं माहेर तुमसरचं, वडील शिंपी. लग्न होऊन ढिवरटोलीत आले तोवर मी विहिरीपेक्षा मोठं पाणी जवळून पाहिलं नव्हतं. टोलीतली पाच वर्षांची पोर पोहते, मला येत नव्हतं. बेशरम काढतानाही मी काठावरच असायची, हजेरी मांडत. बायकांना ते माहीत होतं. हसायच्या, पण मायेने.

पाळीच्या दुसऱ्या टोकाला, बरोबर तिच्या पायथ्याशी, खालटोला होता. पस्तीस घरं आणि चौथीपर्यंतची शाळा. ढिवरटोलीतली पोरंही तिथेच जायची. सकाळी पाऊस जरा कमी होता, म्हणून आम्ही त्यांना पाठवलं होतं. माझी स्नेहल पहिलीत होती.

अकराच्या सुमारास शाळेतल्या बाईंचा फोन लागला. आवाज तुटत होता. मी कानात बोट घालून ऐकत होते.

"नाल्याला पूर आलाय. मुलांना बाहेर काढता येत नाही. एकतीस मुलं आहेत. आम्ही बाकांवर उभं केलंय त्यांना. पाळ ठीक आहे ना?"

"ठीक आहे," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बुधरामबुवा पाळीवर उकिडवे बसले होते. त्यांना दिसायचं कमी, पण ते जमिनीला तळहात लावून बसले होते, जणू तापलेल्या माणसाचं कपाळ चाचपावं तसे.

"इथं काई नाई होत," ते म्हणाले. "त्या टोकाले पाहा. तिथं पाळ जुनी हाय. पायथ्याशी झरा येतेच. पानी निवळ असला तर भेव नाई. गढूळ आला तर समजा का पानी पाळीले अंदरून खाऊन राह्यला. मंग वेळ नाई भेटत."

पंचफुलाबाईंनी आजूबाजूला पाहिलं. पोती टाकणारा एकही हात मोकळा नव्हता. मोकळी होते ती मी.

"वनमाला, तू जाय. पायथा पाहून ये. खाली उतरून पाहाजो, वरून नाई. निवळ हाय का गढूळ, एवढाच सांग."

मी निघाले.

पाऊण किलोमीटरची पाळ. माथा सहा-सात हात रुंद, पण पावसाने कडा ढासळून कुठे कुठे दोनच पावलं टाकण्याइतकी वाट उरली होती. डाव्या हाताला पाणी, माझ्या पायांच्या जवळजवळ बरोबरीला. तलाव एरवी खाली असतो, आपण वर असतो. त्या दिवशी तो माझ्या शेजारी उभा होता. उजव्या हाताला सरळ उतार, आणि खूप खाली कौलं. मी कौलं पाहिली, पाणी पाहिलं, आणि दोन्हींमध्ये एवढीशी माती आहे हे मला पहिल्यांदा कळलं.

धावत परत आले तेव्हा माझ्या एका पायात चप्पल नव्हती आणि लुगडं कमरेपर्यंत चिखलाने भरलं होतं.

"गढूळ," मी म्हणाले.

पंचफुलाबाईंनी माझे दोन्ही खांदे धरले. "नीट सांग. खाली उतरलीस?"

"हो."

"केवढा झरा?"

"मनगटाएवढा. लाल पाणी. गढूळ."

बुधरामबुवा उठून उभे राहिले. पंचफुलाबाई माझ्या डोळ्यांत पाहत राहिल्या, श्वास दोन श्वास एवढंच. मग वळून ओरडल्या, "कौतिका! कोयता आन!"

कौतिका मारबते टोलीतली सर्वांत तरबेज पोहणारी. पस्तिशीची, उंच, रुंद खांद्यांची. जाळं फेकायची तर पाण्यावर गोल ताट पडल्यासारखं पडायचं. तिने काही विचारलं नाही. पदर खोचला, कमरेला जाड दोराचा नाडा बांधून घेतला, दुसरं टोक आम्हा आठ जणींच्या हातात दिलं.

"मी ओरडली का ओढजा," ती म्हणाली. "लवकर ओढजा पण."

दगडाला धरून ती सांडव्यात उतरली. पाणी छातीपर्यंत. एका हाताने बांबू धरून दुसऱ्या हाताने ती कोयत्याने तट्ट्याचे बंध तोडू लागली. पहिला बंध सुटला. दुसरा सुटला. तट्ट्यातून कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. मी नाड्याला लटकले होते आणि मनात एकच चाललं होतं, लवकर, लवकर, लवकर.

चौथा बंध तिने तोडलाच नाही. तो आपणच तुटला.

सगळा तट्टा एकदम गेला. बांबू, जाळी, पाल्याचा ढीग, आणि त्यांच्यामागे भिंतीसारखं पाणी. कौतिका ओरडली की नाही मला ठाऊक नाही, आवाज ऐकू येण्यासारखा नव्हता. नाडा हातातून सरकला, तळहाताची सालं निघाली. आम्ही आठही जणी घसरत कडेपर्यंत गेलो. कोणीतरी मागून आम्हाला धरलं. ओढलं. पुन्हा ओढलं.

ती वर आली तेव्हा तिचा डावा हात कोपराच्या वर, जिथे वळू नये तिथे वळला होता. पाण्याने तिला दगडी भिंतीवर आपटलं होतं. ती शुद्धीवर होती. दात घट्ट आवळून तिने विचारलं, "गेला का तट्टा?"

"गेला," पंचफुलाबाई म्हणाल्या.

सांडव्यातून पाण्याबरोबर मासे जात होते. उडत, उलटत, पांढऱ्या पोटांचे, शेकड्यांनी. कोणी तिकडे पाहिलं नाही. आम्ही चिंधीकडे पाहत होतो. पाव तासाने पाणी दोन बोटं उतरलं. अर्ध्या तासाने वीतभर. दुपारी तीनला पाऊस उघडला. साडेतीनला ओसरलेला नाला ओलांडून शाळेतल्या बाई मुलांची रांग घेऊन आल्या. स्नेहल माझ्या कमरेला मिठी मारून म्हणाली, "आई, आम्ही बाकावर उभं राहून गाणी म्हटली."

पाळ फुटली नाही.

चार दिवसांनी समाजमंदिरात सभा झाली. त्याआधी बायकांनी तलावात जाळी टाकून पाहिली होती. अर्धी टोपली मासा निघाला. कौतिका गोंदियाच्या दवाखान्यात होती. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात जुळेल, पण जोर येणार नाही.

मागून एक आवाज आला. "पाळ तर तशीच उभी हाय."

दुसरा आवाज आला. "हिची पोरगी होती ना शाळेत. म्हणून बोलली ही."

"आमची नव्हती काय पोरं शाळेत?" कोणीतरी म्हटलं.

"मंग आमाले का नाई दिसला गढूळ पानी? एकलीलेच दिसला?"

मी उभी राहिले. बोलण्यासाठी तोंड उघडलं. चाळीस चेहरे माझ्याकडे पाहत होते.

तेव्हा पंचफुलाबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या, "मी गेलती पाहाले. चार वाजता, पाऊस उघडल्यावर. पायथ्याशी झरा होता. पानी गढूळच होता. मी आपल्या डोळ्यानं पाह्यला. अजून कोनाले काई पुसाचं हाय?"

कोणी विचारलं नाही. तरी त्या महिन्यात सात जणींनी संस्था सोडली.

आता जे सांगायचं ते सांगते. मी पाळीच्या दुसऱ्या टोकापर्यंत गेलेच नव्हते.

अर्ध्यावर, जिथे वाट सर्वांत अरुंद होती, तिथे माझ्या डोळ्यांदेखत पाण्याच्या बाजूची घमेलंभर माती सुटली आणि आवाज न करता तलावात गेली. माझे पाय गेले. मी चिखलात बसले, मग पालथी पडले. गवताचे झुबके मुठीत धरून तशीच पडून राहिले. पुढे जायला हात उचलेना. डोळे मिटले की स्नेहलची शाळा दिसे, उघडले की पाणी. किती वेळ गेला माहीत नाही. मग मी रांगत मागे आले, उभी राहिले, आणि धावले. धावताना मी काही ठरवलं नव्हतं. पंचफुलाबाईंनी विचारलं तेव्हा 'गढूळ' हा शब्द तोंडातून निघाला, आणि मग मनगटाएवढा झरा, लाल पाणी, सगळं आपोआप निघत गेलं.

सभेत पंचफुलाबाईंचं बोलणं ऐकून मी घरी आले आणि ढसाढसा रडले. सुटल्यासारखं वाटलं होतं मला. म्हणजे तिथे खरंच गढूळ पाणी होतं! मी न पाहता बोलले, पण खोटं ठरले नाही. कौतिकाचा हात उगाच गेला नाही. या एका गोष्टीला धरून मी नऊ वर्षं जगले. संस्था पुन्हा उभी राहिली. सोडून गेलेल्या सातांपैकी पाच जणी परत आल्या. सांडव्याला आम्ही वर उचलता येईल असं लोखंडी दार बसवलं. मासा पुन्हा आला. कौतिका डाव्या हाताने घमेलंसुद्धा उचलू शकत नव्हती, पण दर सभेला येऊन पुढे बसायची. मी तिच्या नजरेला नजर देऊ शकत होते, कारण झरा गढूळ होता.

नवव्या वर्षी पंचफुलाबाई अंथरुणाला खिळल्या. पोटात गाठ होती. मी रोज दुपारी जाऊन बसायची. एक दिवस घरात दुसरं कोणी नव्हतं, तेव्हा त्या म्हणाल्या, "वनमाला, तुले एक गोष्ट सांगाची राह्यली."

"सांगा ना मावशी."

"त्या दिवशी पायथ्याशी काई नव्हता."

"म्हणजे?" मी विचारलं.

"चार वाजता गेली ना मी. बुवालेई घेऊन गेली. झरा होता, जुनाच. पानी निवळ होता. काचेसारखा. आन् चिखलात तुझी चप्पल अर्ध्या पाळीवर सापडली. त्याच्या पुढं तुझ्या पायाचे ठसे नव्हते."

"मग सभेत...?"

"सभेत तुले खोटी पाडली असती तर काय झाला असता? तुले हाकलून देली असती. ते एक. पन उद्या दुसरी कोनी भेवानं धावत आली असती, आन् तिनं खरंच गढूळ पानी पाह्यला असता, तिचा कोनी ऐकला असता काय? बायांनी तोंडच उघडला नसता पुन्हा. संस्था म्हंजे काय वो, एकमेकीचा आयकनंच ना."

"पण कौतिकाबाईंचा हात..."

त्यांनी डोळे मिटले. "तो मी रोज पाहाते. तू एकलीच नाई पाहात."

मी म्हटलं, मी उद्याच जाऊन सगळं सांगते. त्यांनी माझं मनगट धरलं. हाडंच उरली होती त्या हातात, पण पकड तशीच होती.

"मी जिती हाय तोवर नोको सांगू. मी बायांच्या पुढं खोटी बोलली, ते घेऊन मले मरू दे. मंग सांग. पन पयले कौतिकाले सांगजो."

त्या फाल्गुनात गेल्या. तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कौतिकाकडे गेले. ती अंगणात बसून एका हाताने मोहफुलं निवडत होती, डाव्या हाताने सूप नुसतं टेकवून धरलेलं. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. अर्ध्यावर पडले ते, रांगत आले ते, झरा पाहिलाच नाही ते. पंचफुलाबाईंनी काय पाहिलं तेही.

ती निवडत राहिली. मग हात थांबला. मला वाटलं, आता ती सूप फेकून मारेल. मारायला हवं होतं.

"मंग पाळ फुटली नसती?" तिने विचारलं.

"माहीत नाही. बुवांनाही माहीत नव्हतं. पाणी माथ्यावरून गेलं असतं तर फुटली असती. पाऊस तीनला उघडला. तोपर्यंत टिकली असती की नाही, कोणाला सांगता येणार?"

"हं."

कोंबडी येऊन मोहफुलांत चोच मारू लागली, तिला कौतिकाने हाकललं नाही.

"तू खोटी बोलली म्हणून राग नाई," ती शेवटी म्हणाली. आवाज शांत होता, आणि मला त्याचीच जास्त भीती वाटली. "राग याचा, का तुले वाटला आमी आयकनार नाई. झरा कायले पायजे होता वो? 'मले भेव वाटते, पोरं तिकडं हायेत' एवढीच बोलली असती तू..."

तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर नीट ठेवला.

"तरी मी उतरली असती."